सत्ती-दुर्रीचा मान

गौरीपूजन, रात्रीचे पावणेदोन

हातात दोन राण्या आणि एक चौकी. तीन पत्तीतलं एके फॉर्टी सेव्हन चालू होतं, म्हणजे एक्का, राजा, चौकी, सत्ती सगळे जोकर. तेव्हा माझ्याकडे चक्क तीन राण्यांची ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी. साध्या तीन पत्तीत असा हात आला की माणूस चेहरा कोरा ठेवून एकेक चाल जपून वाढवतो, कोणी पॅक होऊ नये, म्हणजे डाव सोडू नये म्हणून देव पाण्यात ठेवतो. मी जांभई देत शो मागितला. धाकट्या भाऊजींनी तीन जोकर उघडले. हरले, आणि वाईटसुद्धा वाटलं नाही.

वाईट का वाटलं नाही, ते चहाचं आधण ठेवल्यावर वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. (गणित शिकवून शिकवून लागलेली खोड.) 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत ट्रेल फक्त 52, म्हणजे 425 हातांत एक. आता 16 पानं जोकर करा. ट्रेल होतात 5,780. चारांत एकाला लागतेच. आम्ही सात जण खेळतोय, म्हणजे दर डावाला सरासरी दोनच्या आसपास ट्रेल फिरतायत. साध्या खेळात जोडीसुद्धा इतक्या वेळा येत नाही, ती 17 टक्के. मग जोडीपेक्षा स्वस्त झालेल्या ट्रेलचं कौतुक कोण करणार? आरडाओरडा वाढतो, पॉट (मधली जमा) फुगतो, पण ठरवायला काही उरत नाही. पान बघायचं, जोकर मोजायचे, शो.

याउलट आत्यांचं मुफलिस. आत्यांची पाळी आली की दुसरं काही नसतंच. सगळ्यात हलका हात जिंकणार, म्हणजे दुर्री-तिर्री-पंजी वेगवेगळ्या रंगांची आली की सोनं. एकही जोकर नाही, शक्यता सगळ्या जुन्याच, नुसता क्रम उलटा. आणि तेवढ्यानं टेबलाचं वागणं बदलतं. चारांतल्या जवळजवळ तीन हातांत जोडीबिडी काहीच नसते, त्यामुळे मुफलिसात ज्याला त्याला आपलं पान बरं वाटतं आणि लवकर कोणी पॅक होत नाही. मग खरा प्रश्न येतो: माझी नव्वी हलकी, की समोरच्याची त्याहून हलकी? आत्या अशा वेळी पदर सावरतात आणि न बघता ब्लाइंड खेळत राहतात. पानं बघून सीन झालेल्याला दुप्पट भरावं लागतं. दहा मिनिटांत निम्मे जण घाबरून बाहेर. पंच्याहत्तरीच्या बाईचा ब्लफ ओळखणं आमच्यापैकी कोणालाच जमलेलं नाही.

भाऊजी शुक्रवारी मित्रांकडे टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतात. पैसे नाहीत; हरणाऱ्यानं सकाळी मिसळ खिलवायची. त्यांचं म्हणणं, "वहिनी, घरचे नियम नसतील तर पोकर म्हणजे ऑफिसच की हो!" मला हे अर्धंच पटतं. नियम कुठला, त्यावर आहे ते.

त्यांच्याकडे एकदा पाच पानांच्या पोकरमध्ये एक जोकर घालून पाहिला म्हणे, आणि भांडणं झाली. होणारच. साध्या कॅटात दोन जोड्या येतात 1,23,552 हातांत, आणि तीन सारखी 54,912 हातांत. दुर्मीळ ते वर, म्हणून तीन सारखी मोठी. जोकर आला की जोडी हातात असलेला प्रत्येक जण जोकर लावून तीन सारखी करतो, आणि ती होतात 1,37,280. म्हणजे दोन जोड्यांपेक्षा सोपी! बरं, मग दोन जोड्यांना वर बसवू, असं म्हणाल, तर तेच लोक तोच जोकर आता दोन जोड्यांसाठी लावतील, आणि दोन जोड्या होतील 2,05,920. पुन्हा उलटं. कसाही क्रम लावा, तो स्वतःलाच खोटा पाडतो. एका पानानं हे होतं, तिथे आमच्याकडे सोळा. मला हे इतकं आवडलं की दहावीच्या वर्गात सांगावंसं वाटतंय, पण पालक काय म्हणतील ते नको.

त्यांचा दुसरा नियम मात्र झकास आहे. सत्ती आणि दुर्री, तीही वेगळ्या रंगांची, हा होल्डेममध्ये भरल्या टेबलावरचा सगळ्यात रद्दी हात मानतात. दोन्ही पानं छोटी, रंग जुळत नाही, आणि दोन्ही मिळून एका सीक्वेन्समध्ये (ओळीनं येणाऱ्या पाच पानांत) बसतही नाहीत. कोणीही फेकूनच देतो. नियम असा, की हा हात घेऊन जो पॉट जिंकेल त्याला बाकीच्या प्रत्येकानं वर चिप्स द्यायच्या. झालं! आता ती रद्दी हातात आली की माणूस फेकावी की रेटावी या विचारात पडतो, आणि समोर कोणी जोरात रेटत असला की एक्क्यांच्या जोडीवालासुद्धा मनात म्हणतो, याच्याकडे सत्ती-दुर्री तर नाही? एकही पान बदललं नाही, कुठली शक्यता बदलली नाही. फक्त संशय वाढला. पोकर म्हणजे तरी दुसरं काय?

तसं पोकरही घरोघरच्या नियमांतूनच वाढलंय. 1830 च्या सुमाराला अमेरिकेत ते 20 पानांवर खेळत. पूर्ण कॅट, फ्लश (पाचही पानं एकाच रंगाची), पानं बदलून घेणं हे मागाहून आलं, आणि सीक्वेन्स मोजायची की नाही यावरून बराच काळ एकमत नव्हतं. अलीकडे मकावच्या मोठ्या टेबलांवर लोकप्रिय झालेल्या शॉर्ट डेकमध्ये दुर्री ते पंजी काढून 36 पानं ठेवतात, आणि तिथे फ्लश फुल हाउसच्या (तीन सारखी आणि एक जोडी) वर जातो. का, ते सरळ आहे: 480 फ्लश, 1,728 फुल हाउस. ज्यानं पानं काढली त्यानं क्रमही तपासला. असा नियम करणारा माणूस मला आवडतो.

हाच हिशेब न पाहिल्यामुळे मघाशी भाऊजी आणि आत्या यांच्यात जुंपली होती. भाऊजी म्हणतात फ्लश सीक्वेन्सपेक्षा मोठा, आत्या म्हणतात कलर (तीन पत्तीतला फ्लश) लहान. दोघंही बरोबर. पाच पानांत फ्लश दुर्मीळ, तीन पानांत सीक्वेन्स: 720 सीक्वेन्स, 1,096 कलर.

जाऊबाईंचं मत वेगळं आहे आणि ते मला खोडता येत नाही. "तुम्हा मुरलेल्यांना साधा खेळ गोड लागतो. आम्ही वर्षातून एकदा बसतो, जोकर नसतील तर तासाभरात आमचे चिंचोके संपतात." खरं आहे. जोकर वाढले की कसब कमी पडतं आणि नशीब सगळ्यांना सारखं वाटलं जातं. रात्रभर सात जणांना जागं ठेवायचं असेल तर तेही हवंच. म्हणून मी बाहेर काही बोलत नाही, आत येऊन वहीत लिहिते.

आणि एक तंटा आहे ज्याला गणिताचा काही उपयोग नाही. माहेरी एक्का-दुर्री-तिर्री ही सगळ्यात मोठी सीक्वेन्स. सासरी एक्का-राजा-राणी मोठी, एक्का-दुर्री-तिर्री दुसरी. दोन्ही अगदी सारख्याच वेळा येतात, त्यामुळे कोण चूक हे सिद्ध करता येत नाही, आणि ह्यांनी आजही त्याच सीक्वेन्सवर माझा पॉट ओढला. आत्यांचा निकाल ठरलेला: ज्याच्या घरी डाव, त्याचा नियम. ठीक. कोजागिरीला सगळे ठाण्याला आमच्याकडे येतायत, तेव्हा बघते.