साठ, पंच्याहत्तर, पासष्ट

गुरुवार, रात्री ९.३०

आज पेसमेकरचा वेग ७५ वरून ६५ वर आणला. घरी आल्यावर आधी डाव्या कुशीवर आडवा झालो. गेले तीन आठवडे त्या कुशीवर झोपताच येत नव्हतं. उशीला कान लावला की आत कुणी समेळाचा ढोल बडवतंय असं वाटायचं.

सगळं नीट लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. चार महिन्यांपूर्वी यंत्र बसवलं, कारण नाडी चाळिशीच्या खाली जायची आणि देवासमोर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधार यायचा. तेव्हा वेग ६० ठेवला होता. चक्कर थांबली, पण अंगात त्राण नव्हतं. रस्त्यापासून आमच्या अंगणापर्यंत चिऱ्याच्या बावीस पायऱ्या आहेत, त्या चढताना मध्ये दोनदा उभा राहायचो. हे मी पुढच्या तपासणीला सांगितलं. त्यांनी छातीवर चकती ठेवली, पडद्यावर काहीतरी दाबलं, ‘आता बरं वाटेल’ म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं. वेग ६० चा ७५ झाला हे मला घरी येऊन कागद वाचला तेव्हा कळलं. काय काय होऊ शकतं, किती दिवस वाट बघायची, कधी परत यायचं, यातलं कुणी काही बोललं नाही. या गोष्टीचा मला अजून राग आहे. माझ्या छातीतली लय बदलली होती. दोन वाक्यं तरी बोलायला हवी होती.

पहिले दोन दिवस खरंच हुशारी वाटली. तिसऱ्या रात्रीपासून झोप उडाली. अंग दमलेलं आणि हृदय मात्र फिरायला निघाल्यासारखं. तोंडावर गरम वाफ आल्यासारखं व्हायचं. हिला सांगितलं तर म्हणाली, ‘अहो, सवय होईल.’ मलाही तसंच वाटत होतं.

एका रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. मिनिटाला ६० म्हणजे दिवसाचे ८६,४०० ठोके. मिनिटाला ७५ म्हणजे १,०८,०००. फरक २१,६००. आकडा लिहिला आणि हात थांबला. भजनात बसणाऱ्याला तो ओळखीचा असतो, दिवसरात्रीच्या श्वासांचा, अजपा जपाचा. तेवढे जास्तीचे ठोके, तेही मी स्वस्थ पडलेलो असताना. मग सवय होण्याची वाट बघावीशी वाटेना.

त्या दिवसापासून वहीत टिपणं ठेवली. झोपताना, उठताना, जेवल्यावर नाडी मोजायची आणि त्या वेळी काय करत होतो ते लिहायचं. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट दिसली. फोंड्याहून पणजीला बसने जाताना खड्ड्यांत बस हादरायला लागली की मी खुर्चीत बसलेला असूनही नाडी ९५ वर जायची. आणि आमच्या पायऱ्या चढताना धाप लागायची तरी नाडी फारशी वाढायची नाही; उतरताना मात्र धडधडायची. मला वाटलं, मोजण्यातच चूक होतेय.

आज दुसऱ्या ठिकाणी वही घेऊन गेलो. तपासणाऱ्या मुलीने चारही पानं वाचली. म्हणाली, ‘काका, चूक नाही तुमची.’ आतलं यंत्र अंगाच्या हालचालीवरून ओळखतं की माणूस काम करतोय, आणि त्याप्रमाणे वेग वाढवतं. बस हादरली की त्याला वाटतं मी चालतोय. पायऱ्या चढताना पाय सावकाश पडतो, अंग कमी हलतं. उतरताना धपधप बसतो. म्हणजे कष्ट चढताना आणि वेग उतरताना! माझ्या थकव्याचं मूळ बरंचसं इथे होतं. बसल्या वेळचा वेग वाढवून ते सुटणार नव्हतं.

तिने किमान वेग ६५ केला. रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत तो ५५ वर उतरेल. माझ्या यंत्रात ती सोय आहे, सगळ्यांत नसते. मग हालचालीचं सेटिंग. मला व्हरांड्यात चालायला लावलं, जिना चढउतार करायला लावला, दर वेळी पडद्यावर बघून थोडं थोडं बदललं. मधे एकदा ‘काका, आता क्षणभर हलकं वाटेल’ म्हणून वेग मुद्दाम खाली आणला, खालचा माझा स्वतःचा ठोका बघायला. डोकं गरगरलं, पण आधी सांगितलेलं असल्यामुळे भीती वाटली नाही. एवढाच तर फरक असतो.

हे सगळ्यांना लागू नाही, तेही लिहितो. शेजारच्या वाड्यावरच्या एका बाईंना ७० च मानवतो, ६० वर त्यांना उठवत नाही. म्हणून स्वतःहून ‘कमी करा’ म्हणत जाऊ नये, काय होतंय ते तारीखवार सांगावं. आणि डोळ्यांपुढे अंधार आला, छातीत दुखलं, पाय सुजले किंवा पडल्या पडल्या दम लागला, तर वही भरत बसू नये, त्याच दिवशी जावं.

निघताना विचारलं, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली, घुमट (चामडं मढवलेलं मातीचं वाद्य) वाजवू का? तिने मला मांडीवर हात धरून आरतीचा ठेका धरायला सांगितला आणि पडद्यावर बघत राहिली. पाच मिनिटं वाजवलं. वेग ८८ पर्यंत गेला, थांबल्यावर हळूहळू खाली आला. ‘वाजवा,’ म्हणाली, ‘फक्त दोरी डाव्या खांद्यावर नको, यंत्रावर घासेल.’

उद्या संध्याकाळी वाड्यावर आरत्यांचा सराव आहे. दोरी उजव्या खांद्याच्या मापाची करून ठेवली.