पाहुण्या लेखिकेच्या सत्रानंतर: आपल्या कथांचे खर्डे कुठवर आले

ठाण्याच्या आपल्या कथालेखन गटात आलेल्या लेखिका 'सुचतं कसं' यावर फारसं बोलल्याच नाहीत. त्यांनी स्वतःच्या एकाच कथेचे सगळे खर्डे टेबलावर मांडले आणि प्रत्येक खर्ड्यात काय गेलं, काय आलं ते ओळीओळीने दाखवलं. छापील कथेत ही खाडाखोड कधीच दिसत नाही, म्हणून हे सत्र मोलाचं. गटातल्या कथांवर तीच पद्धत लावताना झालेलं काम असं.

पहिला खर्डा हाताने, फुलस्केपवर, पानाच्या एकाच बाजूला. डावीकडे पानाचा एक तृतीयांश भाग मोकळा. खोडायचं नाही, शंका समासात लिहायची. मागची बाजू कोरी असल्यामुळे पुढे पानं कापून प्रसंगांचा क्रम बदलता येतो. शेवट होईपर्यंत मागचं वाचायचं नाही, कारण बहुतेक कथा इथेच मरतात: पहिलं पान घासून गुळगुळीत होतं आणि शेवट लिहायचा राहूनच जातो. खर्डा झाला की किमान दोन आठवडे हात लावायचा नाही.

दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात कापण्याने. पहिले दोन-तीन परिच्छेद बहुधा लेखकाने पात्राची ओळख स्वतःला करून घेण्यासाठी लिहिलेले असतात. समजा, जांभळी नाक्यावर भाजी घेणाऱ्या बाईची कथा आहे. आधी तिचं लग्न, नवऱ्याची नोकरी, नौपाड्यातली चाळ. घासाघीस दुसऱ्या पानावर. कथा घासाघिशीपासून सुरू करायची. चाळ पाडल्याचं 'ताई, आता लांब राहता ना?' या भाजीवाल्याच्या एका प्रश्नात येतं, तेवढं पुरतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वाक्यांच्या शेवटावर, आणि तो जायलाच हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळातलं निवेदन 'होता, होती, होतं'च्या ठेक्यात अडकतं. एका पानावरच्या प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित करा. लागोपाठ तीन सारखी आली की तिथे काम आहे. 'फलाट ओला होता. छताखाली गर्दी होती. वाशीची गाडी आली नव्हती.' याऐवजी: 'फलाट ओला. गर्दी सगळी छताखाली सरकलेली, आणि वाशीच्या गाडीचा पत्ता नाही.' मात्र सगळीकडेच क्रियापद गाळलं तर कथा नाटकातल्या रंगसूचनांसारखी वाटू लागते. पानात दोन-तीन जागा पुरेत, त्याही जिथे नजर भरभर फिरते तिथे.

संवादात 'रागाने म्हणाला'मधलं 'रागाने' काढून पाहा. राग नाहीसा झाला तर दोष संवादाचा. तो नव्याने लिहा. निवेदनात 'केले' ठेवायचं की 'केलं', हे पहिल्या पानावरच ठरवा. दोन्ही चालतात, सरमिसळ मात्र लगेच खटकते. पात्रांच्या तोंडी 'केलं'च हवं.

मग मोठ्याने वाचन. तीन हजार शब्दांना साधारण 25 मिनिटं लागतात. वाचायचं दुसऱ्याने, कारण लेखक कागदावर नसलेला जोर आवाजाने भरून काढतो. लेखकाने फक्त ऐकायचं आणि वाचणारा अडखळेल तिथे आपल्या प्रतीवर खूण करायची. मध्ये थांबवून खुलासा करायचा नाही.

बहुतेक कथांचं वाचन झालं आहे, सुरुवाती मात्र अजून ढिल्या आहेत. त्यासाठी 1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून तिथल्या छापील कथांची फक्त पहिली तीन वाक्यं उतरवून काढायची आणि त्यात कोण, कुठे, काय अडलंय यातलं काय कळतं ते समासात लिहायचं. टंकलेखन थेट युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं की रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात. दिवाळी अंकांसाठी कथा पाठवायच्या असतील, तर पावसाळा सुरू होण्याआधी तिसरा खर्डा हातात हवा.