शेवटचं वर्ष, आणि पुढचं

बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला असलो की ‘पुढे काय?’ पाठ सोडत नाही. वर्गातल्या बहुतेकांचं ठरलंय, एमपीएससी. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, ९ पेपर, गुणवत्ता यादीसाठी १७५० गुण. त्यांच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. माझं मन मात्र आज दुसरीकडे ओढलं गेलं.

कार्यानुभवासाठी सध्या गावात आहोत. एका काकांच्या कांद्याच्या रानात मातीचा नमुना घेत होतो. व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची माती वरून खाली खरवडायची, आठ-दहा ठिकाणची गोणपाटावर एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. काका म्हणाले, “माती मागेबी नेली व्हती पोरा. कागद आला, पण समजावून कोनी सांगितलं न्हाई.”

फडताळातून त्यांनी तो माती परीक्षणाचा कागद आणला. सामू (पीएच) ८.४, म्हणजे जास्त; सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्के, म्हणजे कमी. अशा जमिनीत लोह, जस्त असूनही पिकाला नीट मिळत नाही, शेणखत आणि हिरवळीच्या खतासाठी ताग का हवा, हे सांगत बसलो. काकू वहीत लिहून घेत होत्या.

मला हेच काम करायचंय. बँकेच्या कृषी अधिकारी पदाची परीक्षा देईन, घरच्यांना तसा शब्द दिलाय. पण पहिली पसंती शेतकरी उत्पादक कंपनीला, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून उभ्या केलेल्या कंपनीला. तिथे कुणी काम करत असेल तर पगार, काम, अडचणी सगळं खरं खरं सांगा. इनबॉक्स उघडा आहे.