आमची वाटचाल : प्रेस शॉप आणि अपघाताची वही

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात, वीस टनांच्या एका जुन्या पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून सुटे भाग काढणारं मशीन) आमचा धंदा सुरू झाला. तेव्हा वॉशर आणि क्लॅम्प, बस्स. यजमान टूलरूममधून बाहेर पडलेले, डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बनवण्यात हात बसलेला. हिशेब, बँक, चलनं, पगार ही माझी बाजू. आज शंभर टनांपर्यंतच्या प्रेस आहेत, स्वतःची शेड आहे आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं काम वर्षभर येत असतं. उलाढाल, नव्या मशिनी, ग्राहकांनी दिलेल्या ट्रॉफ्या यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते ऑफिसातल्या एका जाड बांधणीच्या वहीबद्दल. पॉवर प्रेसवर बोटं जातात हे भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. बोट गेल्यावर पहिल्या आठवड्यात मालक काय करतो, त्यावरून तो धंद्यात किती वर्षं टिकेल ते मी सांगू शकते.

सुरुवातीला आमच्याकडे पाच-सहा माणसं. त्यामुळे ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) लागू नाही, कारखाना कायदाही नाही. गाळ्यांच्या सगळ्या ओळीत समज असा, की दहाच्या आत असलं की सरकारशी आपला संबंध नाही. हे वाक्य आजही ऐकते. पण 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा (2010 पासून तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला) विजेवर चालणाऱ्या वर्कशॉपमध्ये डोकी मोजत बसायचा नाही. एक हेल्पर असला तरी तो लागू. आमचं पीएफचं काम बघणारे एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "वहिनी, मशीनच्या आधी पॉलिसी घ्या आणि एक वही घाला." या भरपाईच्या विम्याचा, म्हणजे डब्ल्यूसी पॉलिसीचा, हप्ता त्या काळात जड वाटला होता. तरी घेतली.

वही कायद्यातलीच आहे. जखमी माणसाला किंवा त्याच्या वतीनं येणाऱ्याला केव्हाही लिहिता येईल अशा ठिकाणी ती ठेवायची. आमची हजेरीच्या टेबलावर असते, पेन दोऱ्यानं बांधलेलं, कारण सुटं पेन आमच्या शॉपमध्ये एक दिवस टिकत नाही. बिहार-ओडिशाकडची मुलं मराठी लिहीत नाहीत, मग सुपरवायझर लिहितो आणि त्यांना वाचून दाखवून सही घेतो.

पहिला मोठा अपघात प्रेसवर झाला. फूट पेडलचं मशीन, जॉब (घडवायचा तुकडा) डायमध्ये अडकला, ऑपरेटरनं हातानं काढायला घेतला आणि पाय पेडलवरच राहिला. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली. दवाखान्यातून परत येते तर गाळ्यात शेजारचे चार मालक जमलेले. सल्ला एकमुखी. कागद करू नका, दवाखान्याचं बिल भरा, वर काहीतरी हातावर ठेवा, गावाकडं पाठवून द्या. "एकदा कळवलंत की ते लोक मानगुटीवर बसतात." सल्ला देणारे वाईट नव्हते. अपघात कळवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

त्याच रात्री पीएफचं काम बघणाऱ्या त्या निवृत्त गृहस्थांना फोन केला. त्यांनी कायदा समजावला तो असा. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली की मालकानं सात दिवसांत नुकसानभरपाई आयुक्तांकडे अहवाल पाठवायचा. नमुना ठरलेला आहे, नमुना ईई. गंभीर म्हणजे काय तेही कायद्यानं सांगितलंय: अवयव कायमचा निकामी होणं किंवा त्याला कायमची इजा, दृष्टी किंवा श्रवण जाणं किंवा अधू होणं, हातापायाचं हाड मोडणं, किंवा वीस दिवसांहून जास्त कामावर येता न येणं. शेवटची दोन कलमं मालकांच्या लक्षात राहत नाहीत. साधं मनगट मोडलं तरी अहवाल जातो. आणि अहवालात घटना कशी घडली एवढंच लिहायचं असतं. मृत्यूच्या प्रकरणात आयुक्त नोटीस काढून निवेदन मागवतात, त्यात मालकाला तीस दिवसांत 'ही माझी जबाबदारी नाही' असं कारणं देऊन म्हणता येतं. म्हणजे कळवणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. हे शेजाऱ्यांना कितीदा सांगितलं, फार थोड्यांना पटलं.

आमच्या भागात आयुक्तांचं काम कामगार न्यायालय बघतं. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला पत्र दिलं, अहवाल मुदतीत पाठवला, दोन्हीची पोच फाइलला लावली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा त्याला प्रेस तशीच दाखवता आली, डायसकट. महिना उलटून गेल्यावर आला असता तर त्याचा पहिला प्रश्न उशिराबद्दल असता आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच सुरात.

रक्कम कशी निघते हे मालकांना माहीत नसतं, म्हणून 'वर काहीतरी हातावर ठेवा' हा आकडा इतका लहान असतो. 1923 च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांची यादी होती. अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी पूर्ण 14, तिची दोन पेरं 11, एक पेर 9, मधलं बोट पूर्ण 12, करंगळी किंवा अनामिका 7. वाचायला अंगावर येतं, पण भांडण तिथंच संपतं. पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराच्या 60 टक्क्यांना वयाच्या गुणकानं गुणायचं. हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून 15,000 रुपये झाली. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98. म्हणजे 9,000 गुणिले 207.98, साधारण 18 लाख 72 हजार, आणि त्याचे 11 टक्के म्हणजे दोन पेरांचे जवळपास 2 लाख 6 हजार. आमच्या त्या अपघाताच्या वेळी मर्यादा खूपच कमी होती, रक्कमही त्या मानानं. पण रीत हीच. आपसात ठरलं तरी कराराचं ज्ञापन आयुक्तांकडे नोंदवावं लागतं, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात.

त्यानंतर काही वर्षांनी ओळीतल्या एका गाळ्यात विजेचा धक्का लागून हेल्पर गेला. मालकाचं मन मोठं. अंत्यविधीचा खर्च केला, गावी जाऊन बायकोच्या हातात रोख रक्कम दिली, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला. कुठं कळवलं मात्र नाही. पुढे तिनं दावा केला तेव्हा तो कागद दाखवायला गेला आणि वकिलानं कपाळाला हात लावला. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वारसांना देता येते, बाकी थेट दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाही. देय झाल्यापासून महिन्यात रक्कम भरली नाही तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. दंड विमा कंपनी उचलत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो. त्याच्याकडे तर पॉलिसीच नव्हती. बाई फसवी होती असं ओळीत आजही म्हणतात. मला तसं वाटत नाही. नवरा गेल्यावर तिला कुणीतरी कायदा सांगितला, एवढंच.

'कामगारानं आम्हाला लेखी कळवलंच नव्हतं' हा बचावही मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. कामगारानं शक्य तितक्या लवकर नोटीस द्यावी असं कायदा म्हणतो खरं, दाव्याला दोन वर्षांची मुदतही आहे. पण मालकाला दुसऱ्या मार्गानं अपघात कळलेला असेल तर नोटिशीअभावी दावा फेटाळला जात नाही. स्वतःच्या स्कूटरवर घालून दवाखान्यात नेणारा मालक 'मला माहीत नव्हतं' कसं म्हणणार?

दहाचा आकडा ओलांडला आणि ईएसआय लागू झालं. पहिल्या पगाराला कापणी बघून शॉपमध्ये कुरकुर. आता कामगाराचे पाऊण टक्का आणि आमचे सव्वातीन टक्के जातात, 2019 च्या जुलैपासून, त्याआधी जास्त जायचे. पगार 21,000 पर्यंत असलेला प्रत्येक जण त्यात. माझ्या मते छोट्या कारखानदाराला याहून स्वस्त संरक्षण मिळत नाही. कामावर इजा झाली तर भरपाई ईएसआय देतं, तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या 90 टक्क्यांच्या हिशेबानं, आणि त्याच इजेसाठी मालकावर भरपाईचा वेगळा दावा होत नाही. आमचं काम उरतं कळवण्याचं: अपघाताच्या वहीत, म्हणजे नमुना 11 मध्ये नोंद, आणि नमुना 12 मध्ये अहवाल. इजा गंभीर असेल तर ताबडतोब. हल्ली तो पोर्टलवरून जातो आणि पोर्टल नेमकं त्याच दिवशी अडकतं, म्हणून मी स्क्रीनचा फोटो काढून ईमेलही पाठवते.

यात एक चलाखी चालते. माणूस आधी मशीनवर, नोंदणी पुढच्या महिन्यात. मध्येच अपघात झाला की घाईघाईनं नोंदणी करून रुजू होण्याची तारीख मागेपुढे करायची. तपासणीला येणारे अधिकारी हजेरीपट आणि गेटचं रजिस्टर शेजारी ठेवून बसतात. मालकाच्या कसुरीमुळे कामगाराचा लाभ बुडत असेल तर ईएसआय त्याला पैसे देतं आणि मालकाकडून वसूल करतं. आमच्याकडे विमा क्रमांक निघाल्याशिवाय नवा माणूस प्रेसजवळ जात नाही. यावरून यजमानांशी माझे खटके उडतात, कारण ऑर्डर नेहमी उद्याच द्यायची असते. कंत्राटदाराच्या माणसांनाही हाच नियम. आधी नावांची यादी आणि चलन, मग गेट पास.

पुढे माणसं वाढली तसा कारखाना कायदा आला. महाराष्ट्रात 2015 पासून वीज वापरणाऱ्या कारखान्याला तो वीस माणसांपासून लागू व्हायचा. अपघातामुळे माणूस अठ्ठेचाळीस तास किंवा अधिक कामावर येऊ शकला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावं लागतं. एकाच अपघाताचे दोन अहवाल दोन ठिकाणी, भाषा थोडी वेगळी. दोन्हीत वेळ आणि मशीन नंबर सारखा आहे ना, हे मी स्वतः बघते.

2017 च्या दुरुस्तीनं आणखी एक काम दिलं. कामावर घेतानाच माणसाला त्याच्या भरपाईच्या हक्कांची माहिती लेखी द्यायची, शिवाय इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही, त्याला समजणाऱ्या भाषेत. न दिल्यास त्या दुरुस्तीत दंड 50,000 पासून एक लाखापर्यंत होता. आम्ही मराठी आणि हिंदी असं एक पान केलंय. नेमणूकपत्राबरोबर देतो आणि त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. एका मालकमित्रानं विचारलं, "त्यांना शिकवून कशाला ठेवता?" ज्यांना हक्क माहीत आहेत ती मुलं लहानसहान इजाही येऊन लिहितात, हे त्याला सांगून बघितलं.

आणि लिहिलेलं पुढे उपयोगी पडतं. वहीची पानं चाळताना यजमानांच्या लक्षात आलं की नोंदी चालू उत्पादनापेक्षा डाय बसवताना आणि अडकलेला जॉब काढताना जास्त आहेत. त्यांनी फूट पेडल बंद करून दोन्ही हातांची बटणं लावली, मोठ्या प्रेसना सेन्सर बसवले आणि जॉब काढायला चुंबकाचे चिमटे दिले. सेन्सर महाग होते. खरेदीच्या वेळी मी वही पुढे केली आणि वाद मिटला.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. भरपाईचा जुना कायदा आणि ईएसआय दोन्ही तिच्यात आले. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाला तर, कामावरचाच धरला जातो. ईएसआयमध्ये हे 2010 पासून होतंच, आता त्याबाहेरच्यांनाही आहे. आमचे सुपरवायझर आणि टूलरूमचे लोक 21,000 च्या वर आहेत, म्हणजे ईएसआयबाहेर. त्यातले बरेच रात्रपाळी संपवून पुणे-नाशिक रस्त्यानं दुचाकीवर घरी जातात. वहीत आम्ही 'येता-जाता' असा नवा रकाना आखलाय, त्यांच्या पॉलिसीत प्रवास धरलाय का ते विमा कंपनीला लेखी विचारलंय, आणि रात्रपाळीसाठी एक टेंपो ट्रॅव्हलर लावायची झाली तर महिन्याला किती पडेल याचं कोटेशन मागवलंय.