तंजावर : डब्यात मावलेली बाहुली

तंजावरला उतरले तेव्हा पाठीवरच्या सॅकेत आठ दिवसांचे कपडे, एक पंचा आणि आईनं निघताना कोंबलेला मेतकुटाचा स्टीलचा डबा होता. तीन दिवसांत त्याचं झाकणही उघडलं नव्हतं. सॅकेत आता रुमालसुद्धा मावला नसता, म्हणून ‘इथे फक्त बघायचं, घ्यायचं काही नाही’ असं तिरुचिरापल्लीहून येणाऱ्या बसमध्येच ठरवून टाकलं होतं.

जुन्या बसस्टँडजवळच्या लॉजवर सॅक टाकली आणि थेट देऊळ गाठलं. तिथेच पहिली फजिती. बृहदीश्वराला गावात सगळे ‘पेरिय कोविल’ म्हणतात, मोठं देऊळ. बारा वाजून गेलेले, चपला बाहेर ठेवलेल्या आणि आवारातली फरसबंदी तव्यासारखी तापलेली. मी सावलीच्या एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर उड्या मारत निघाले. समोरून येणाऱ्या आजी मात्र आपल्या परसात फिरावं तशा सावकाश चालत होत्या. अर्ध्या वाटेत कळलं की देऊळ आता बंद होतंय, चारनंतर या. निघाले गुमान परत.

मधले तास राजवाड्यात काढले. नायक राजांनी बांधलेला, मग भोसल्यांनी वाढवलेला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात इथे गादी स्थापन केली आणि १८५५ मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी ती खालसा केली. आमच्या कोल्हापुरातल्या शाळेत हे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचं प्रकरण एका ओळीत संपलं होतं. दरबार हॉलचे खांब इतके रंगीत आहेत की दोन मिनिटांत डोळे दमतात. मी रमले ते सरस्वती महाल ग्रंथालयाच्या छोट्या संग्रहालयात. १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणारे दुसरे सरफोजी हे अफाट माणूस. राज्याचा कारभार कंपनीनं काढून घेतला, तर यांनी पुस्तकं जमवली, दवाखाना चालवला, डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. ताडपत्रांच्या शेजारच्या कपाटात फ्रेंच चित्रकार ल ब्रूनची चित्रं आहेत : माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी जुळणारं जनावराचं तोंड. घुबडासारखा एक माणूस हुबेहूब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखा दिसत होता. फोटो काढायला मनाई होती, नाहीतर ग्रुपवर टाकलाच असता.

चारनंतर देऊळ मऊ झालं. राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ ग्रॅनाइटचं आहे आणि विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, सुमारे ६६ मीटर उंच. शेजारी एक गाइड एका कुटुंबाला सांगत होता की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. ते कुटुंब आणि मी, सगळे त्याच सावलीत बसलो होतो. कुणीच काही बोललं नाही. खरी नवलाची गोष्ट खाली जोत्यावर आहे. तिथल्या तमिळ कोरीव लेखांत देवळासाठी आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची नावं आहेत. कोण कुठल्या गावची आणि कुठल्या रस्त्यावर कितवं घर मिळालं, तेसुद्धा. हजार वर्षांपूर्वीचे घरपत्ते, दगडावर.

आणि मग नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी मी थबकले. मराठी! सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. अक्षरं बारीक, ओळी एकमेकींना चिकटलेल्या, शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. पहिल्यांदा काहीच लागेना. मग बोट हवेत धरून अक्षर-अक्षर जुळवत गेले तेव्हा ‘राजे’ सापडलं, थोडं पुढे ‘भोसले’, आणि मधली क्रियापदं हळूहळू सुटायला लागली. पहिलीतलं मूल वाचतं तशी मी पुटपुटत होते. एक शाळकरी मुलगा येऊन उभा राहिला, माझ्याकडे आणि भिंतीकडे आळीपाळीनं बघून म्हणाला, “अक्का, हिंदी?” मी म्हटलं, “मराठी.” त्यानं मान डोलावली आणि आईला जाऊन काहीतरी सांगितलं. तीही येऊन मला बघून गेली. भिंतीपेक्षा वाचणारीच जास्त प्रेक्षणीय ठरली.

संध्याकाळी बाजारात मात्र ठरवलेलं सगळं विसरायला झालं. आधी फुलवाल्या. तंजावरचा कदंबम म्हणजे नानारंगी फुलं आणि सुवासिक पानं एकत्र गुंफलेला गजरा. हातभर घेतला आणि नाकाशी नेला तर दवणा! चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर येतो तोच वास. पुढे भांड्यांच्या दुकानात पितळेचं दोन कानांचं भांडं दिसलं. मी आपलं स्वतःशीच “घंगाळ” म्हटलं, तर दुकानदार लगेच, “गंगाळम्, गंगाळम्!” त्याला वाटलं मी तमिळ बोलतेय. किंमत विचारायला “एव्वळवु?” एवढाच शब्द माझ्याकडे होता आणि उत्तर कळायला शून्य शब्द, त्यामुळे पुढची चर्चा कॅल्क्युलेटरवर झाली. घंगाळ अर्थातच तिथेच राहिलं.

तंजावरी चित्रं मी नुसती बघितली. एका कारागिरानं दोन कृष्ण शेजारी ठेवून फरक दाखवला. खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लगद्यानं दागिने, प्रभावळ उठावदार करतात आणि त्यावर सोन्याचा वर्ख चढवतात. खऱ्या वर्खाचा पिवळा रंग शांत असतो, नकली कागद चॉकलेटच्या चांदीसारखा चकाकतो. मग त्यानं दोन्ही चित्रं उलटी केली. एकामागे प्लायवूड, एकामागे फणसाची फळी. स्वस्त का आणि महाग का, ते पाठीवरून कळलं. दोन्हीपैकी एकही माझ्या बजेटमध्ये नव्हतं.

बाहुलीपुढे हरले. तंजावरची बाहुली दोन तऱ्हांची. एक राजा-राणीची, बुडाला जड. कितीही आडवी पाडा, डुलत डुलत उभी राहते. दुसरी नर्तकी, ‘तलैयाट्टि बोम्मै’, डोकं डोलावणारी. घागरा, धड आणि मान हे वेगवेगळे भाग एकावर एक नुसते टेकवलेले असतात. दुकानातल्या अक्कांनी टिचकी मारली, तर मान एका लयीत, कंबर दुसऱ्या. पंखा लागला तरी ती नाचायची थांबेना. अक्कांनी कॅल्क्युलेटरवर ४५० लिहिले, मी ३००. त्या हसल्या आणि ४२० लिहिले. मी “वेंडाम” म्हणून वळले, पण तेवढ्यात पंख्याचा झोत आला आणि बाहुलीनंही नकारार्थी मान हलवली. दोघीही हसलो. ४०० ला सौदा झाला. मागाहून दोन दुकानं पलीकडे तीच बाहुली ३५० ला दिसली. मी रस्ता ओलांडून घेतला.

आता ती ठेवायची कुठे? लॉजच्या खोलीत सॅक उपसली, टॉवेलात गुंडाळून पाहिलं, मान मोडेलशी वाटली. शेवटी मेतकुटाचा डबा बाहेर आला. खाली मेसमध्ये दहीभात मागवून त्यावर दोन चमचे पेरले, बाकीचं पिशवीत भरून मेस चालवणाऱ्या अक्कांना दिलं. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं, जरा विचार केला आणि “परुप्पु पोडि?” असं विचारलं. हे म्हणजे आपल्याकडच्या डाळीच्या चटणीसारखं काहीतरी. डाळी यातही आहेतच. मी होकार दिला. नाहीतरी मेतकूट समजावून सांगण्याइतकं तमिळ माझ्याजवळ कुठलं?

बाहुलीचे भाग सुटे करून कागदात गुंडाळले, घागऱ्याच्या पोकळीत धड, धडाशेजारी मान. डबा पुन्हा सॅकेत, होता तिथेच. घरी आल्यावर आईनं तो उचलून पाहिला आणि म्हणाली, “काय गं, खाल्लंच नाहीस वाटतं.” आता नर्तकी टीव्हीशेजारी उभी असते. नाक जवळ नेलं तर अजून मेथीचा वास येतो.