ठोका

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो आणि वरच्या फ्लॅटमध्ये फरशी उखडायचं काम सुरू झालं. दोन ते चार आवाज करायचा नाही, असा सोसायटीचा नियम आहे. पण तो तळमजल्यावरच्या फळ्यावर लिहिलेला आहे आणि छिन्नी चौथ्या मजल्यावर. चिडण्याऐवजी मी ठोके मोजायला लागलो. तीन जोरात, एक अर्धवट, मग बराच वेळ काहीच नाही, बहुधा तंबाखू मळत असावा. बायको म्हणाली, "जाऊन सांगा ना त्याला." मी म्हणालो, "हा हात तांबटाचा नाही." तिने कूस बदलली. लग्नाला एकवीस वर्षं झाली की असल्या वाक्यांना उत्तर मिळत नाही.

माझं आजोळ जुन्या नाशकात, तांबट लेनच्या तोंडाशी. मे महिन्याच्या दुपारी आजी माजघरात झोपायची. पाणी पिताना भांडं वाजलं तरी आम्हांला बोलणी बसत. आणि त्याच वेळी पन्नास पावलांवर पाचसहा माणसं मिळून तांब्याचे हंडे बडवत असायची! त्याने मात्र आजीची झोप मोडत नसे. उलट ठोके थांबले की ती दचकून उठायची. "चहाला गेले वाटतं," म्हणायची आणि मग आमच्याही चहाचं आधण चढायचं. घड्याळ होतं घरात, पण त्याला कोणी विचारत नसे.

मी माडीवर पालथा पडून इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो. वेताळ (इंग्रजीतला फँटम), मँड्रेक, बहादूर. मामांनी जमवलेला जुना गठ्ठा होता, काहींची मुखपृष्ठं गेलेली, काहींची शेवटची पानं. डेंकालीच्या जंगलात वेताळ कोणाच्या तरी जबड्यावर ठोसा हाणायचा आणि नेमका खालून ठोका यायचा. दरवेळी जुळायचं असं नाही, मग मी जुळवून घ्यायचो. ठोका येईपर्यंत पान उलटायचंच नाही. वेताळाच्या उजव्या हातातल्या अंगठीने गुंडाच्या हनुवटीवर कवटी उमटते, ती जन्मात जात नाही. आणि मठारलेल्या हंड्यावर एकेका ठोक्याची टिकली उमटते, तीही जात नाही. हे साम्य माझ्या लक्षात आल्यावर मी ते धावत जाऊन तांबटबाबांना सांगितलं होतं. त्यांना वेताळ म्हणजे पिंपळावरचाच माहीत. "दुपारचं असलं काही वाचू नये," एवढंच म्हणाले.

एकदा मी त्यांच्याकडे चिलखत मागितलं. पूर्ण नाही, निदान डोक्याचं तरी. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर एक पातेलं चढवलेलं होतं. ते त्यांनी उतरवून माझ्या डोक्यावर पालथं घातलं. नाकापर्यंत अंधार, आत राखेचा आणि चिंचेचा वास. मी हात कमरेवर ठेवून उभा राहिलो. तेवढ्यात त्यांनी वरून लाकडी मोगरीचा एक हलका टोला दिला. त्या आवाजाचं वर्णन मला आजही जमत नाही. तो कानांतून नाही, दातांतून आला. पातेलं काढून त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता? बसका की लांब?" मी रडवेला होऊन म्हणालो, लांब. "मग ठीक. बसका आला असता तर कुठेतरी पिचलंय म्हणायचं." म्हणजे मला चिलखत वगैरे काही मिळालं नव्हतं. मी पातेल्याची तपासणी होतो.

आता 2019 च्या एप्रिलमध्ये येतो. 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' बघायला भाच्याबरोबर गेलो होतो. तीन तास एक मिनिटाचा सिनेमा, बाहेर नाशिक भट्टीसारखं तापलेलं, आत थंडीने बोटं आखडलेली. मार्व्हलच्या सिनेमांनी आपल्या लोकांना एक शिस्त लावली आहे. राष्ट्रगीतानंतर अशी एकजूट फक्त शेवटच्या नामावलीला दिसते. कारण नावं संपल्यावर आणखी एक तुकडा असतो. हजारभर अनोळखी माणसांची नावं वर सरकत असतात, झाडूवाली पोरं दाराशी खोळंबलेली असतात आणि हलत कोणीच नाही. (मला हे मनापासून आवडतं. दिवे लागायच्या आधी मोबाइलची बॅटरी लावून उठणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.)

त्या दिवशी नावं संपली आणि पडद्यावर काहीच आलं नाही. फक्त आवाज. ठण्. ठण्. ठण्. लोक म्हणाले, "हॅट्, काहीच नाही." मला वाटलं, शेजारच्या पडद्याची दुरुस्ती चाललीय. भाचा मात्र गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मामा, तो 'आयर्न मॅन'च्या पहिल्या सिनेमातला आवाज होता. टोनी गुहेत कोंडलेला असतो, तिथे पहिला सूट ठोकतो ना, तो."

मी सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही. मागच्या रिक्षावाल्याने नाशिककरांच्या खास शैलीत आठवण करून दिली, तेव्हा निघालो.

नंतर भाच्याशी कित्येक दिवस या विषयावर बोलणं चालू होतं. मी म्हणालो, आयर्न मॅन हा मुळात तांबट. लोखंडी म्हणतात खरा, पण सिनेमात टोनी स्टार्क स्वतःच म्हणतो की सूट लोखंडाचा नाही, सोनं आणि टायटॅनियमच्या मिश्रणाचा आहे. 1963 च्या पहिल्या कॉमिकमध्ये तर तो करडाच होता, पुढच्याच अंकात सोनेरी झाला. आणि आताचा रंग बघ, तांबडा आणि पिवळा. म्हणजे तांबं आणि पितळ. अख्खा भांडी बाजार अंगावर घालून उडतोय तो! भाच्याला हे अजिबात पटलं नाही. त्याला वेगळंच खटकत होतं. ज्या ख्रिस इव्हान्सने 2005 मध्ये ह्यूमन टॉर्च नावाचा सुपरहिरो केला, तोच नट 2011 मध्ये कॅप्टन अमेरिका कसा? मी म्हटलं, बाबा रे, आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता, दोन्ही भूमिका अण्णा साळुंक्यांना दिल्या होत्या. एकाच सिनेमात. आणि साळुंके त्याआधी हॉटेलात स्वयंपाकी. तुमचं काय घेऊन बसलात?

तो हसला. मला मात्र त्या सिग्नलपाशी दुसरंच आठवलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

आजी गेल्यावर वाडा विकला, ते साल 2008. न्हाणीघरातला बंब तांबटबाबांच्याच हातचा होता, आजीच्या लग्नातला नव्हे, पण आईच्या जन्माच्या वेळचा. फ्लॅटमध्ये बंब कोण ठेवणार? मामांनी तो मोडीत घातला. दुकानदाराने तो ठोकून बघितला, आवाज लांब आला, पण भाव किलोवर होता. पैसे मामांनी सगळ्या भाचरांत सारखे वाटले. माझ्या वाट्याचे फार नव्हते. त्यातून त्याच मे महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको एक सिनेमा बघून आलो. गुहेतल्या त्या प्रसंगाला मी पॉपकॉर्न आणायला बाहेर गेलो होतो.