ट्रोम्सो ते लाँगइयरबिएन: विमान पावणेदोन तासांचं, हिशोब मात्र वेगळाच

जूनमध्ये उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या द्वीपसमूहावर, तिथल्या मुख्य गावी लाँगइयरबिएनला जाऊन आलो. हवाई अंतर साधारण ९६० किमी, मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच, आणि वेळ दीड-पावणेदोन तास. जवळजवळ सरळ उत्तरेलाच जायचं असल्याने घड्याळ बदलायची भानगड नाही, दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ, उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे.

आता महत्त्वाचं, भारतीय पासपोर्टवाल्यांनी नीट वाचा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. तिथे जायला व्हिसा लागतच नाही, पण ट्रोम्सोहून निघालात की शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परत येताना पुन्हा आत शिरायचंय, म्हणून व्हिसा किमान डबल एन्ट्रीचा हवा. सिंगल एन्ट्रीवर गेलात तर परतीचे वांधे होणार. आणि डोमेस्टिक फ्लाइटच तर आहे असं म्हणत पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका, ट्रोम्सोला जाता-येता दोन्ही वेळा चेक होतो. ऑस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणारी फ्लाइट असेल तर याच चेकिंगसाठी सगळ्यांना खाली उतरवतात. त्यामुळे पुढचं कनेक्शन तासाभराचं घेऊ नका बाबांनो.

खिडकीची सीट घ्याच. बराच वेळ खाली नुसता समुद्र नाहीतर ढग, निम्म्या वाटेवर बेअर आयलंड लागतं पण ते दिसणं नशिबावर. मग एकदम स्पिट्सबर्गनचे, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य बेटाचे, टोकदार डोंगर आणि हिमनद्या सुरू होतात आणि अख्खं विमान मोबाईल काढतं. धावपट्टी १९७५ सालची, कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली. सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे, तिथे फोटोसाठी हीऽ गर्दी. तुम्ही आधी बॅगा घ्या आणि बस पकडा, ती फ्लाइटच्या वेळेनुसार असते आणि हॉटेलांपाशी सोडते. गाव ५ किमीच आहे पण चालत जायचा विचार नको, गावाबाहेर खरी अस्वलं फिरतात, गाईड आणि बंदुकीशिवाय कोणी जात नाही.

लाँगइयरबिएनहून आणखी ११० किमीवर नी-ऑलेसुंड ही संशोधकांची वस्ती, तिथे २००८ पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, कारभार आपल्या गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून चालतो. छोटं डॉर्नियर विमान अर्ध्या तासाच्या आत पोचवतं, पण ते संशोधक आणि तिथल्या स्टाफसाठी. आपण उन्हाळ्यात बोटीने जायचं, आणि तिथे फोनचं वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं कारण रेडिओ दुर्बिणींना त्रास होतो.

धुकं आणि वारा यांचा भरवसा नाही, फ्लाइट दुसऱ्या दिवशीवर जाऊ शकते, तेव्हा भारतात परतायचं तिकीट निदान एक दिवस सोडून काढा. आणि हो, जूनमध्ये रात्रभर ऊन असतं, डोळ्यांवरची पट्टी हँडबॅगेतच टाका.